कथलाचा पातळ थर

अकबराच्या मुदपाकखान्यातल्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होत असे. शाहजाद्यांच्या आणि जनानखान्याच्या भांड्यांना त्याच काळात एकदा. फुटकी-तुटकी भांडी तांबटांच्या हवाली व्हायची आणि त्यांतून नवी घडवून घेतली जायची. अबुल फज़लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त हे नोंदवून ठेवले आहे, आणि तेही त्याच भागात, जिथे बादशहाच्या जेवणाची ताटे फडक्यात बांधून त्यांवर मोहर कशी लावावी, पदार्थ आधी कोणी चाखावा, याचे नियम दिले आहेत. मोहर आणि चाखणे हा बंदोबस्त विष घालणाऱ्या माणसाविरुद्ध होता. कल्हई हा भांड्यातूनच अन्नात उतरणाऱ्या विषाविरुद्ध. पहिल्या बंदोबस्ताच्या कथा इतिहासाने भरपूर सांगितल्या. दुसरा मात्र साडेतीनशे-चारशे वर्षे सामान्य घरांतही चालू राहिला, आणि सामान्य घरांत चालतो म्हणूनच त्याचा इतिहास कोणी नीट लिहिला नाही.

आज हा विषय काढायला एक निमित्त आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पितळेची पातेली, काशाची ताटे आणि तांब्याच्या बाटल्या पुन्हा दुकानांत आल्या आहेत. त्यांच्यासोबत एक समजूतही आली आहे : आपले पूर्वज तांब्या-पितळेत शिजवत, म्हणून ते निरोगी होते, नंतर स्टील, जर्मन (अ‍ॅल्युमिनियम) आणि प्लास्टिक आले आणि घरात विष शिरले. या समजुतीचा पूर्वार्ध इतिहासाला धरून नाही. पूर्वजांच्या स्वयंपाकघरात विष होतेच, ते रोज चुलीवर चढत होते आणि त्याची त्यांना बरीच कल्पना होती. त्यांना वाचवले असेल तर ते धातूने नव्हे. धातूवर दर काही आठवड्यांनी चढवाव्या लागणाऱ्या कथलाच्या पातळ थराने वाचवले, तो थर चढवणाऱ्या एका फिरत्या कारागिराने वाचवले, आणि कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात घालायचा नाही या घरोघरच्या शिस्तीने वाचवले. या तिन्हींतले एक जरी निसटले तरी भांडे घातक होत असे, आणि तसे ते झाल्याचे पुरावे आहेत.

आधी हा थर म्हणजे काय ते पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ओतीव पितळेत बऱ्याचदा थोडे शिसेही असते. चिंच, आमसूल, ताक, लिंबू, टोमॅटो यांतले आम्ल तांब्याला खाते आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. दमट हवेत आणि खरकट्यात भांड्याला जे हिरवे जंगाल चढते, तो याच क्रियेचा डोळ्यांना दिसणारा भाग. ताक पितळेच्या भांड्यात राहिले की ते कळकते, त्याला चमत्कारिक तुरट चव येते, मळमळ होते, उलटी होते. कथील हा धातू असा सहजी विरघळत नाही, आणि जो थोडाफार विरघळतो तो आतड्यांतून फारसा शोषला जात नाही. शिवाय ते 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे रस्त्याकडेच्या कोळशाच्या भट्टीवर आरामात. कल्हईवाला जमिनीत खड्डा करून भाता जोडतो, राख-वाळूने घासलेले भांडे सांडशीत धरून तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो. तापल्या धातूवरची जळकट पुटे नवसागर काढून टाकतो आणि पृष्ठभाग उघडा पाडतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि ती विरघळताच कापसाच्या बोळ्याने झरझर पसरायची. क्षणभरात आतला पिवळा रंग जाऊन रुपेरी झळाळी येते. हा रंगाचा हात नव्हे. कथील आणि तांबे जिथे भेटतात तिथे त्यांचा खरोखरच नवा मिश्रधातू तयार होतो, म्हणून थर सोलून निघत नाही. पण तो कागदाहून पातळ असतो. राखेने घासून, डावाने खरवडून आणि कोरडे भांडे चुलीवर राहून तो झिजतो. कल्हई कधी ना कधी जाणारच, हे ठरलेलेच होते. हा दोष होता खरा, पण त्याने माणसांना सावधही ठेवले, कारण ज्या संरक्षणाची मुदत संपते त्याच्याकडे लक्ष ठेवावेच लागते.

हे ज्ञान फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात लिहिले आहे की, तांब्याच्या भांड्यांना आतून असा थर दिला की अन्नाची चव सुधारते, जंगालाचे विष आवरते आणि नवल म्हणजे भांड्याचे वजन वाढत नाही. हे तंत्र त्याने गॉल लोकांच्या नावावर मांडले आहे. आपल्याकडे रसशास्त्राच्या ग्रंथांनी तांब्याबद्दल जे म्हटले आहे ते तर आजच्या तांबेभक्तांनी वाचायलाच हवे : विषात एकच दोष असतो, अशुद्ध तांब्यात आठ, तेव्हा खरे विष तांबेच म्हणावे असा त्याचा आशय आहे. 'रसरत्नसमुच्चया'त कथलाचेही दोन प्रकार सांगितले आहेत, खुरक आणि मिश्रक. पहिला शुद्ध आणि घेण्याजोगा, दुसरा भेसळीचा. म्हणजे तांबे घातक आहे, आणि त्यावरचा उतारा असलेले कथीलही पारखून घ्यावे लागते, या दोन्ही गोष्टी इथल्या जाणकारांना ठाऊक होत्या. सुश्रुतसंहितेतल्या अन्नविधीत पदार्थ कोणत्या पात्रात वाढावेत याची यादी आहे. आंबट पदार्थ दगडाच्या भांड्यात, तूप लोखंडाच्या, पाणी आणि पेये मातीच्या. काशाच्या भांड्यात दहा रात्री राहिलेले तूप खाऊ नये, असे वाग्भटानेही सांगितले आहे.

पण ग्रंथांचे इतके वजन मानायचे तर प्रामाणिकपणे पुढचेही मानले पाहिजे. सुश्रुताच्या त्याच यादीत, तापवून गार केलेले दूध तांब्याच्या पात्रात द्यावे असे आहे. मुलांच्या यकृताविषयी आज जे कळले आहे, ते पाहता हा सल्ला कोणी डॉक्टर देणार नाही. प्राचीन म्हणून सगळेच निर्विष ठरत नाही. अनुभवाने जे सहज पकडता येते ते ग्रंथांनी पकडले, जे सावकाश साचत जाते ते त्यांच्या नजरेतून निसटले. कळकलेल्या ताकाची उलटी तासाभरात होते, म्हणून आंबटाचा नियम झाला. दुधातले तांबे महिनोन्‌महिने यकृतात साठते आणि दुधाची चव बदलत नाही, म्हणून दुधाचा नियम झालाच नाही. धर्मशास्त्राची अडचण आणखी वेगळी. तांबे, पितळ, कासे, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी करावी असे मनुस्मृती सांगते, आणि राख-चिंचेने भांडी घासण्याची आपली रीत त्याच्याशी तंतोतंत जुळते. मातीचे भांडे विटाळले की फोडायचे, धातूचे मात्र घासून पुन्हा पवित्र. त्यामुळे सोवळ्याच्या घरात पितळेला मान मिळाला. परंतु चिंचेने लख्ख केलेले भांडे सोवळ्याला शुद्ध असले तरी आतून उघडे पडलेले असते. चिंच जंगाल काढते, नव्या जंगालाला अडवत नाही. चकाकी म्हणजेच स्वच्छता, ही आपल्या स्वयंपाकघरातली सर्वांत जुनी फसगत म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या व्यवहाराच्या दोन बाजू दोन वेगळ्या हातांत होत्या. भांडी घडवणारे तांबट आणि कासार हे स्थिर. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आजही ठोके देऊन भांडे घडवण्याच्या त्यांच्या मठारकामासाठी ओळखली जाते. कोकणातून आलेल्या या कारागिरांना पेशवाईत पुण्यात आश्रय मिळाला आणि हंडे, घंगाळी, बंब, पराती यांचा मोठा व्यापार उभा राहिला. कल्हई करणारे मात्र बहुतांशी फिरते, आणि त्यांतले पुष्कळ मुसलमान. इंग्रजांच्या काळातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्याजिल्ह्याच्या मुसलमान कारागिरांत कलईगरांचा वेगळा उल्लेख येतो. भांडे बारशापासून लग्नापर्यंत कासाराकडून एकदा घ्यायचे, कल्हईवाला मात्र वर्षातून अनेकदा दारात. सोवळ्याच्या घरातले पातेले मुसलमान कारागिराच्या हातात जायचे, त्याच्या अग्नीतून आणि कथलातून निघून पुन्हा घरात यायचे. पाण्याने आणि राखेने घरच्यांचे समाधान होत असेलही, पण पोटाची निश्चिंती त्याच्या हातात होती. हे दोन्ही एकाच वेळी कसे चालले, याचा विचार फार कमी झाला आहे.

तिसरा दुवा समुद्रापलीकडचा. भारतात तांबे सापडते, जस्त तर राजस्थानातल्या जावरला शेकडो वर्षे निघत आले, पण कथील जवळजवळ नाही. बस्तरकडचे थोडेसे सोडले तर जुन्या काळापासून ते बहुतांशी मलाय द्वीपकल्पातून आले. नवव्या-दहाव्या शतकांतले अरब भूगोलकार कलाह नावाच्या पूर्वेकडच्या बंदराचे नाव कथलाच्या खाणींसाठीच घेतात. अठराव्या शतकात सुमात्राजवळच्या बांका बेटावरच्या खाणी डच कंपनीच्या व्यापारात आल्या. म्हणजे सातारा-नगरकडच्या एखाद्या वाड्यातली आमटी बिनधोक राहावी यासाठी दर दिवाळीला हजारो कोस दूरच्या खाणीतला धातू जहाजाने येत होता. 'स्थानिक आणि नैसर्गिक' जीवनशैलीचे चित्र रंगवताना हे विसरले जाते. त्या राहणीतला निर्विषपणा आयात केलेला होता.

घरातली शिस्त कशी होती याचे अवशेष अजून भाषेत आणि सवयींत सापडतात. पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा किंवा कळशी बिनकल्हईची, कारण साध्या पाण्यात तांबे फारसे उतरत नाही. आंघोळीच्या बंबाला आणि घंगाळाला कल्हईची गरजच नाही. भाताचे तपेले, आमटीचे पातेले यांना मात्र आतून कल्हई हवीच. चिंचेचा कोळ, लोणचे, आंबट वरण यांसाठी कोकणात आणि गोव्यात दगडी भांडी, बाकी ठिकाणी मातीची किंवा चिनी मातीची बरणी. ताक पितळेत ठेवायचे नाही. रात्रीचे उरलेले पितळेच्या पातेल्यातून काढून ठेवायचे. भांड्याच्या बाहेरून राख-चिंच कितीही घासा, आतून हलक्या हाताने. लग्नकार्य आले की भाड्याने आणलेली मोठी पातेली आधी कल्हईला. सण जवळ आले की घराघरांतून फडताळावरची भांडी उतरायची, आणि रस्त्यावर भाता सुरू झाला की बायका आपापली भांडी ओळखता यावीत म्हणून काठावर नाव कोरलेले बघून मोजून द्यायच्या. हे सगळे कोणाच्या हुकमाने चालत नव्हते, ते अंगवळणी पडलेले होते, आणि म्हणूनच कोणी चुकले तर ते घरातच चुकायचे. तपासायला बाहेरचे कोणी नव्हते.

आता पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप : आमच्या आजी-पणज्या पितळेत शिजवत आल्या, त्यांना काही झाले नाही. हे म्हणणारे जगलेल्यांच्या वंशातले असतात, ही त्यातली पहिली अडचण. दुसरी अडचण म्हणजे प्रत्यक्ष नोंदी. 1887 मध्ये कलकत्त्यात सेन नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका रोगाचे वर्णन केले. पुढे तो जवळजवळ सगळ्या देशात आढळला आणि वैद्यकात भारतीय बालकांचा सिरॉसिस म्हणून ओळखला गेला. सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाचे मूल, पोट फुगलेले, यकृत टणक, कावीळ, आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातली दोन-तीन भावंडे पाठोपाठ जात. हा रोग इतका परिचित होता की मद्रासच्या एका वैद्यघराण्याचे 'जम्मीज लिव्हर क्युअर' हे औषध त्याच एका दुखण्यावर देशभर नाव मिळवून बसले. नवल म्हणजे हा दरिद्री घरांचा रोग मानला जात नव्हता. ग्रामीण, खाऊन-पिऊन सुखी, गाई-म्हशीचे दूध असलेल्या हिंदू घरांत तो जास्त दिसे. ज्यांच्याकडे मातीचे मडके होते त्यांच्याकडे कमी, ज्यांच्याकडे पितळेचे पातेले होते त्यांच्याकडे जास्त.

1970 च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण भयंकर असल्याचे स्पष्ट झाले. ते कुठून आले, याचा शोध ज्यांनी लावला त्यांत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे हे होते. इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्यांनी 1983 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले की, या मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जात होते. दुधातले केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. साधे पाणी जितके तांबे उचलते त्याहून दूध कितीतरी जास्त उचलते आणि तरी ते फाटत नाही, हिरवे होत नाही, कळकतही नाही. 1987 मध्ये त्यांनीच आजारी मुलांच्या आणि तशाच निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली आणि निष्कर्ष तोच राहिला. पुण्यातच हे उलगडावे, याला एक वेगळाच अर्थ आहे. ज्या शहराने पितळेच्या-तांब्याच्या भांड्यांचा एवढा मोठा बाजार उभा केला, त्याच शहरातल्या डॉक्टरांनी त्या भांड्यांच्या उघड्या तळाकडे बोट दाखवले.

यावर अभ्यासकांतूनच दुसरा आक्षेप आला, आणि तो हलका नाही. पितळेची भांडी लाखो घरांत होती, मग आजार थोड्याच मुलांना का? काही रुग्णांच्या घरात पितळ सापडलेही नाही. भावंडांत रोग दिसतो, म्हणजे दोष आनुवंशिक असेल. याचे सर्वांत चांगले उत्तर भारताबाहेरून, ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांतातून मिळाले. तिथल्या एका डोंगराळ भागात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच यकृतविकाराने गेली. 1996 मध्ये त्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यांना वंशावळींत आनुवंशिक दोषाची स्पष्ट खूण दिसली. पण ती सर्व मुले गाईच्या पातळ केलेल्या दुधावर वाढलेली होती, ते दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत उकळले जाई, आणि भांडी बदलली तसा रोग नाहीसा झाला. गावकऱ्यांचे वंश तेच राहिले, बदलली ती फक्त भांडी. आपल्याकडेही तेच झाले; 1980-90 च्या दशकांत हा आजार इतका झपाट्याने कमी झाला की आज तो तरुण बालरोगतज्ज्ञांना बहुधा पुस्तकातच भेटतो. काही मुलांचे यकृत तांब्याला जात्याच कमी सोसणारे असेल, हे मान्य करावे. पण कोणते मूल तसे आहे हे कोणाला आधी कळत नव्हते, आणि म्हणूनच सर्वांच्या भांड्यांना थर हवा होता. ज्या घरांत ही मुले दगावली, त्यांत बहुधा कल्हई कधी केलेलीच नव्हती किंवा झिजून गेलेली होती. दारावरून कल्हईवाला जात नसेल, पैसे नसतील, किंवा 'दुधाला कशाला कल्हई, ते काही आंबट नाही' असे वाटले असेल. शेवटचे कारण मला सर्वांत संभवनीय वाटते, कारण तो नियम कोणी शिकवलाच नव्हता.

तिसरा आक्षेप कल्हईवरच आहे, आणि तो कारागिराला झोंबणारा आहे. कथील महाग, शिसे स्वस्त, आणि दोन्ही मिसळून वितळतात. शिसे मिसळलेली कल्हई काळपट दिसते, पांढऱ्या फडक्याला करडा डाग देते, पण नवी असताना ती ओळखायला डोळा तयार लागतो. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की करकर आवाज करते, शिसे मिसळले की तो आवाज मंदावतो. जाणता कारागीर ते कानाने ओळखतो, पण पातेले देणाऱ्या बाईला ते ऐकायला कोण देणार? शिशाची रक्तातली कोणतीही पातळी निर्धोक नाही, विशेषतः मुलांना, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. म्हणजे लबाड कल्हई ही कल्हई नसण्यापेक्षा वाईट असू शकते. हे खरे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही, उलट ते ठळक होते. संरक्षण धातूत नव्हते, संबंधात होते. दर वर्षी त्याच गल्लीत येणाऱ्या माणसाला एकदा फसवून पुन्हा यायचे असते, म्हणून तो फसवायला कचरतो. एकदाच येणाऱ्याला ते बंधन नसते. रसशास्त्राने मिश्रकाला वेगळे काढले, तरी त्याची तपासणी बाजारात कोणी ठेवली नव्हती, विश्वासावर चालले होते. आणि या हिशेबात कल्हईवाल्याची स्वतःची फुफ्फुसे कोणीच धरली नाहीत. नवसागराचा पांढरा धूर, कोळशाची काजळी आणि भेसळ असेल तर शिशाची वाफ, हे सगळे त्याच्या नाकातोंडात. घरे निर्विष झाली ती त्याच्या अंगावर ओझे टाकून.

मग हा धंदा मोडला. पहिला घाव अ‍ॅल्युमिनियमने घातला. 1898 मध्ये मद्रासच्या कलाविद्यालयात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. कल्हई लागत नाही, हे या भांड्यांच्या बाजूचे एक मोठे कारण होते. मराठी घरांत ही 'जर्मनची भांडी' गरिबांची आणि सैन्यातून आलेली म्हणून हिणवली गेली, तरी स्वयंपाकघरात शिरली. दुसरा घाव स्टेनलेस स्टीलचा. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांच्या हाती लागलेले हे पोलाद भारतातल्या मध्यमवर्गापर्यंत प्रामुख्याने 1960 नंतर पोचले. भाईंदरसारख्या ठिकाणी भांड्यांचे कारखाने उभे राहिले, आणि जुने पितळ मोडीत घालून तोलून स्टील घेणे हा घराघरातला व्यवहार झाला. त्याच सुमारास, 1970 च्या दशकात, कथलाचे भाव जगात भडकले होते, आणि कल्हई महागल्याने स्टीलचा मार्ग आणखी सोपा झाला. ऑक्टोबर 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय कथील परिषद दिवाळखोरीत निघाली, लंडनच्या धातुबाजारात कथलाचे व्यवहार थांबले आणि भाव निम्म्यावर कोसळला. पण तोपर्यंत आपल्याकडे भाते थंडावले होते आणि स्वस्त कथलाचा फायदा घ्यायला कारागीर उरले नव्हते. या बदलाला रडणाऱ्यांशी माझे जमत नाही. स्टीलने कोणत्याही मोहिमेवाचून, कोणत्याही कायद्यावाचून हजारो मुलांची यकृते वाचवली असणार. ते भांडे निष्काळजी माणसालाही माफ करते. जे भांडे वापरणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून नसते, ते सर्वसामान्यांसाठी जास्त सुरक्षित, हे मान्य करण्यात परंपरेचा अपमान नाही.

तोटा झाला तो वेगळ्या ठिकाणी. स्टील वापरणाऱ्या दोन पिढ्यांना भांड्याकडे संशयाने बघण्याची गरजच पडली नाही, आणि ती नजर गेली. भंगारातून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांतून शिसे आणि इतर धातू अन्नात उतरतात, असे भारतासह दहा देशांतल्या भांड्यांच्या 2017 च्या एका तपासणीत दिसले. आपल्या बाजारात अशा कढया स्वस्तात मिळतात आणि त्यात रोज आंबट शिजते. नॉनस्टिक तवा खरवडला तरी वापरला जातो. आणि आता पितळ परत आले आहे, पण एकटेच. त्याच्यासोबत येणारा कारागीर शहरात शोधावा लागतो, कथील शुद्ध आहे की नाही हे सांगणारा कोणी नाही, आणि दूध कुठे तापवायचे हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. तांब्याच्या पाण्याबद्दल तर अतिशयोक्तीच चालली आहे. 2012 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले अतिसाराचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 2 मिलिग्रॅम या मर्यादेत राहते. ही चांगली गोष्ट आहे, आणि जुन्या हंड्याची बाजू घेणारी आहे. पण ती साध्या पाण्यापुरती आहे. त्याच बाटलीत लिंबाचे सरबत किंवा ताक भरले की ती मर्यादा राहील असे कोणी दाखवलेले नाही, आणि रसायन उलट दिशेला बोट दाखवते.

कायद्याला हे सगळे माहीत आहे. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली 1955 साली आलेल्या नियमांत, नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात केलेले अन्न खाण्यास अयोग्य मानावे असे स्पष्ट होते. साखरेची मिठाई आणि सुगंधी तेले यांना त्यातून सूट होती. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांतही ही अट आली. ती हॉटेल आणि कारखाना यांना लागू पडते, घराला नाही. घराला पूर्वी ती लागू करणारे कल्हईवाले दारावरून जात असत. तेव्हा पितळेचे पातेले घेतले असेल तर विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : आत कल्हई आहे का, आणि ती झिजली की पुन्हा कोण करून देणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसेल, तर त्या पातेल्यात पाणी भरा, फुले ठेवा, पण लहान मुलाचे दूध आणि आमटी स्टीलमध्येच करा.